शेवटच्या बाकावरचा पहिला नंबर

२०२५ सालच्या मे महिन्यातली १३ तारीख मी सहसा विसरणार नाही. त्या दिवशी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागायचा होता आणि आमचे चिरंजीव त्या निकालाचे एक उमेदवार होते. पहाटे साडेचारच्या सुमारास मला जाग आली, तो बाहेरच्या खोलीत उजेड. पोटात कालवले. पोराला झोप लागत नसेल, गणिताचा तो अवघड पेपर आठवून बिचारा तळमळत असेल, असे मनात येऊन मी उठलो. बाप या नात्याने चार धीराचे शब्द बोलावेत म्हणून घसा साफ केला. यशापयशाबद्दलचे एक गोळीबंद वाक्यही मनाशी जुळवून ठेवले. बाहेर येऊन पाहतो तो स्वारी कोचावर मांडी घालून, मोबाइल उशीला टेकवून, डोळे विस्फारून बसलेली!

‘होईल रे सगळं नीट,’ मी म्हणालो.

‘कसलं नीट, बाबा!’ कपाळाला हात लावून तो म्हणाला, ‘पहिला नंबर डलासला गेला! हजारात अठरा! हजारात फक्त अठरा संधी होत्या त्यांना!’

माझे गोळीबंद वाक्य घशातच राहिले. निकालाचे त्याला भानही नव्हते. तिकडे शिकागो शहरात अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघांची सोडत निघत होती, आणि ती पाहायला हा पठ्ठ्या चार वाजल्यापासून उठून बसला होता. मी मुकाट्याने चहाचे आधण ठेवले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. माणूस जागा झालाच आहे तर काहीतरी ऐकावे, असा विचार केला. पुढले सहा आठवडे मी तेच ऐकत होतो.

आता ही सोडत काय प्रकरण आहे, ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे गुणवत्ता यादीत जो पहिला येतो त्याला पहिले कॉलेज मिळते. अमेरिकेच्या एनबीएमध्ये याच्या अगदी उलटे. दरवर्षी जूनच्या अखेरीस नव्या दमाची मुले संघांत घेतात, त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आणि आदल्या मोसमात जे संघ तळाला गेले, त्यांना निवडीचा मान आधी. शेवटच्या बाकावर बसणाऱ्याचा हात धरून त्याला पहिल्या बाकावर आणण्याची ही युक्ती मला, एक शिक्षक म्हणून, फार आवडली. पण मनुष्यस्वभाव तिथेही आहेच. पहिला नंबर मिळावा म्हणून संघ मुद्दाम हरू लागले. तेव्हा १९८५ पासून सोडत आली. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चौदा चेंडू घुसळतात आणि चार काढतात. चौदातून चार निवडण्याचे प्रकार १००१ होतात (गणिताच्या सहकाऱ्याकडून मी हे तपासून घेतले). त्यांतला एक बाद करून उरलेले हजार, बाद फेरीला मुकलेल्या संघांत वाटून देतात. २०१९ साली नियम बदलले आणि तळाच्या तिन्ही संघांना सारखेच, म्हणजे १४० प्रकार देण्यात आले. त्या पहाटे डलासजवळ होते अवघे १८, आणि नशीब उघडले ते त्यांचे. सर्वांत वाईट खेळलेला यूटा संघ घसरला तो थेट पाचव्या नंबरावर. ८२ सामन्यांपैकी ६५ हरूनही पदरात पाचवा नंबर! नापास होण्याचीही मेहनत फुकट गेली म्हणायची.

आमचे चिरंजीव सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे भक्त. ठाण्यात राहणाऱ्या साडेपाच फुटी मुलाची कॅलिफोर्नियातल्या एका गावावर भक्ती जडावी, याला कारण आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात हा संघ मुंबईला आला होता. वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने झाले. पहिल्या दिवशी शाळांतली मुले नेली होती, त्यांत हाही होता. किंग्ज जादा वेळेत १३२ विरुद्ध १३१ असे एका गुणाने हरले. पोरगा घरी आला तो घसा बसवून. शिवाय या संघाच्या मालकमंडळींचे प्रमुख विवेक रणदिवे. हे मूळचे मुंबईचे. २०१३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संघ घेतला. ‘रणदिवे’ हे आडनाव ऐकताच आमच्या हिनेही त्या संघाला आपल्यातला मानून टाकले. मराठी माणसाने धंद्यात पडू नये असे ज्यांना वाटते, त्यांना ती अजून रणदिव्यांचे उदाहरण देते.

पण एका गुणाने हरलेल्या संघावर जीव लावणे म्हणजे काय, हे त्या पोराला पुढे कळले. २००६ नंतर हा संघ ओळीने सोळा मोसम बाद फेरीच्या बाहेर राहिला. इतका दीर्घ वनवास त्या लीगमध्ये दुसऱ्या कोणी भोगलेला नाही. आणि या वनवासातली सगळ्यांत हळवी जखम २०१८ ची.

त्या वर्षी सोडतीत किंग्जना दुसरा नंबर लागला. समोर दोन मुले होती. एक लुका डॉन्चिच, स्लोव्हेनियाचा. वय १९, पण माद्रिदच्या संघातून युरोपचे अजिंक्यपद आणि तिथल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळवून आलेला. दुसरा मार्विन बॅगली, उंच, चपळ, उडी मारली की नजर ठरू नये असा. किंग्जजवळ चेंडू खेळवणारा तरुण गडी होताच; आदल्याच वर्षी पाचव्या नंबरावर घेतलेला डीएरन फॉक्स. डॉन्चिचलाही चेंडू हातातच हवा. शिवाय पाय जरा जड आहेत, असा त्याच्यावर आक्षेप. बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी मात्र संघाला हवा होता. बॅगलीला घेतला. डॉन्चिच पुढल्याच नंबरावर गेला, आणि अदलाबदलीत डलासला पोहोचला. पहिल्याच वर्षी तो नवोदितांत सर्वोत्तम ठरला. २०२४ साली त्याने डलासला अंतिम फेरीत नेले. बॅगली दुखापतींनी गांजला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकले.

‘गरज बघून घेतलं, बाबा! कोण मोठा होईल ते नाही बघितलं!’ हे वाक्य चिरंजीवांनी त्या सहा आठवड्यांत मला किमान वीस वेळा ऐकवले असेल.

मलाही ते पटले, कारण या चुकीचे मूळपुरुष १९८४ सालीच होऊन गेले होते. त्या वर्षी ह्यूस्टनने पहिल्या नंबरावर हकीम ओलाजुवॉनला घेतले; त्यात कोणाचेच दुमत नव्हते. दुसरा नंबर पोर्टलंडचा. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर नावाचा उमदा पोरगा आदल्याच वर्षी आलेला. त्याच जागेवर खेळणारा आणखी एक कशाला, असा त्यांनी हिशेब केला. हवा होता उंच मध्यरक्षक. घेतला सॅम बोवी, उंची सात फूट एक इंच. नडगीचे हाड मोडल्यामुळे कॉलेजातले दोन मोसम त्याचे बुडाले होते, पण गरजेपुढे हाडांकडे कोण पाहतो? तिसरा नंबर शिकागोचा. उरलेला गडी त्यांनी घेतला. त्याचे नाव मायकेल जॉर्डन. त्याने शिकागोला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. बोवीची मला कणव येते. हाडे वारंवार मोडूनही तो दहा मोसम खेळला, पण जगाने त्याला ओळखले ते फक्त ‘जॉर्डनच्या आधी घेतलेला’ म्हणून.

भिंती पडलेल्या घरात फडताळ कुठल्या कोपऱ्यात बसेल याचे माप घेत बसण्यासारखेच आहे हे. जो संघ ८२ पैकी २० सामने जिंकतो, त्याला ‘अमुक जागा रिकामी आहे’ असे म्हणण्याचा अधिकारच नाही. त्याच्या सगळ्याच जागा रिकाम्या असतात. पुरता उभा राहायला त्याला चार-पाच वर्षे लागणार. तोवर आजचे कोण कुठे गेलेले असतील, याचा नेम नाही. ज्या फॉक्ससाठी म्हणून डॉन्चिच नको झाला, तो फॉक्सही २०२५ च्या फेब्रुवारीत किंग्जना सोडून सॅन अँटोनियोला गेला. तेव्हा मोडका संघ उभारायचा तर समोर जो सर्वांत गुणी दिसेल तो घ्यावा, जागेचे मागाहून पाहावे.

एवढे मी ऐटीत बोललो, तर पोराने मला विचारले, ‘पण गुणी कोण ते कसं ओळखणार?’

इथे मात्र भल्याभल्यांची मती गुंग झालेली आहे. २०१३ साली पहिल्या नंबरावर क्लीव्हलंडने अँथनी बेनेटला घेतले. चार मोसमांत त्याची एनबीएतली कारकीर्द आटोपली. त्याच वर्षी १५ वा गेला अथेन्समधला एक काटकुळा पोरगा. नायजेरियाहून आलेल्या गरीब आईबापांचा मुलगा, रस्त्यावर किडूकमिडूक वस्तू विकून घराला हातभार लावणारा. तो यानिस आंतेतोकुंपो. २०२१ साली मिलवॉकीला त्याने अजिंक्यपद मिळवून दिले. आणि निकोला योकिच? सर्बियातल्या सोंबोर गावचा हा गुबगुबीत मुलगा २०१४ साली ४१ वा निवडला गेला, तेव्हा अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर खाद्यपदार्थांची जाहिरात चालू होती. त्याचे नाव पडद्याच्या तळाशी सरकून गेले. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ साली डेन्व्हरला अजिंक्य करून घोड्यांच्या शर्यती पाहायला गावी परतला. मी पंधरा-वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. कोण पुढे काय होईल, याचे माझे अंदाज किती चुकले ते मी कोणाला सांगत नाही; पण योकिचची गोष्ट ऐकून मला अंमळ बरे वाटले.

एकूण अंदाज चुकणारच, असे धरून चालणारा जो, तो शहाणा. चुकणार असू, तर संधी जास्त हव्यात. ओक्लाहोमा सिटीचे सॅम प्रेस्टी यांनी हे ओळखले. २०१९ साली आपला नामांकित खेळाडू पॉल जॉर्ज लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सना देऊन त्यांनी बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण घेतला आणि शिवाय पुढल्या वर्षांतले पहिल्या फेरीचे पाच नंबर पदरात पाडून घेतले. घरचा दागिना मोडून बियाणे घ्यावे तसे. त्यांतल्याच एका नंबरावर २०२२ साली जेलन विल्यम्स आला, १२ वा. त्याच वर्षी स्वतःच्या दुसऱ्या नंबरावर चेट होमग्रेन घेतला. त्याचे पाऊल दुखावले आणि अख्खा पहिला मोसम तो बाहेर बसला. कोणी आरडाओरडा केला नाही. लू डॉर्टला तर २०१९ च्या ड्राफ्टमध्ये साठांत कोणी घेतलेच नव्हते. तो यांनी आणून वाढवला. चुकाही झाल्या. २०२० साली १७ व्या नंबरावरचा सात फुटी सर्बियन पोरगा फळला नाही आणि चार वर्षांच्या आत त्याला निरोप मिळाला. पण दहा रोपांतले एक जळले, तर बाग ओस पडत नाही. २२ विजय, मग २४, मग ४०, मग ५७, मग ६८ अशी ती चढण होती.

याच्या उलट फिलाडेल्फियाची कथा. तिथे सॅम हिंकी नावाचे गृहस्थ २०१३ साली कारभारी झाले. त्यांनी सरळ हिशेब मांडला: मधल्या पायरीवर रेंगाळण्यापेक्षा तळ गाठावा, मोठे नंबर मिळवावेत. तीन मोसमांत २४६ सामन्यांपैकी फक्त ४७ जिंकले. तिसऱ्या मोसमात तर ८२ पैकी १०. लोक तिकिटे काढून पराभव पाहायला येत. हिंकींनी २०१६ साली राजीनामा दिला, आणि तो तेरा पानी! (आमच्या कॉलेजात एवढे लांब पत्र फक्त नॅकच्या समितीला लिहितात.) त्यांच्या हिशेबात अक्कल नव्हती असे मी म्हणणार नाही. जोएल एम्बीड त्याच काळात मिळाला. दुखापतींनी दोन अख्खे मोसम बसून राहिला, पण २०२३ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र हिंकी गेल्यावर जे आले, त्यांना थांबवेना. २०१७ साली त्यांनी बॉस्टनला आपला तिसरा नंबर आणि वर पुढला एक नंबर देऊन पहिला नंबर विकत घेतला आणि मार्केल फुल्ट्झला उचलले. त्याचा खांदा बिघडला, नेमच हरवला. बॉस्टनने तिसऱ्या नंबरावर हवा होता तोच मुलगा घेतला, जेसन टेटम. २०२४ चे अजिंक्यपद बॉस्टनचे. फिलाडेल्फिया २००१ नंतर २०२५ पर्यंत एकदाही दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलेला नव्हता. आणि मला राहून राहून वाटते, त्या तीन मोसमांत जी एकोणीस-वीस वर्षांची मुले रोज हरायला मैदानात उतरत होती, त्यांचे काय झाले असेल? हरण्याची सवय लागलेला वर्ग मी पाहिलेला आहे. त्या वर्गात हुशार मुलगाही हात वर करीत नाही.

असो. निकाल लागला. चिरंजीवांना ८४ टक्के. इतिहास-भूगोलात ९३, गणितात ७१. संध्याकाळी पेढे वाटून झाल्यावर घरात बैठक बसली. मी, ही, आणि फोनवर मेहुणे. शास्त्र शाखा, मग इंजिनियरिंग, असे एकमताने ठरत आले होते. मी म्हणालो, ‘आपल्या घरात आजवर कोणी इंजिनियर झालेला नाही. एक हवा.’

पोरगा पेढ्याचा कागद चुरगाळीत होता. मान वर न करता म्हणाला, ‘म्हणजे सॅक्रामेंटोच झालं की, बाबा.’

‘काय?’

‘घरात काय नाही ते तुम्ही बघताय.’

मेहुणे फोनवरून ‘काय म्हणतो, काय म्हणतो?’ विचारीत होते. मी फोन ठेवला.

वर्गात गेली कित्येक वर्षे मी ‘मराठी घ्यायला मुले येत नाहीत हो’ म्हणून गळा काढतो. स्टाफरूममध्ये तर त्याहून मोठ्याने. आणि माझाच मुलगा कला शाखेचे नाव काढतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो! माझ्या वडिलांनी मला शास्त्र शाखेला घातले होते. त्यांचाही हिशेब गरजेचाच होता. कारकुनाच्या घरात दोन बहिणी लग्नाच्या, आणि एक मुलगा. बारावीला मी भौतिकशास्त्रात नापास झालो, वर्ष गेले, आणि मग तोंड लपवीत कला शाखेकडे वळलो. वडील त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

तरी मी लगेच विरघळलो, असे समजू नका. त्या रात्री गच्चीवर मी त्याला म्हटले, ‘हे बघ, प्रेस्टींचे एक रोप जळले तरी त्यांच्याजवळ नऊ होती. माझ्याजवळ एकच नंबर आहे. पुढल्या वर्षी दुसरा मिळायचा नाही.’

त्याने जरा विचार केला. ‘पण बाबा, मी बोवीसारखा मोडलो तर?’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. एनबीएमध्ये पहिल्या फेरीतल्या मुलाशी चार वर्षांचा करार असतो. पहिली दोन पक्की, पुढली दोन संघाच्या मर्जीवर. मुलाला मात्र कुठल्या संघात जायचे ते विचारीत नाहीत. गच्चीवर उभ्या असलेल्या या मुलालाही आजवर कोणी विचारले नव्हते. दुसरे असे की, तो डॉन्चिच आहे असेही मला वाटत नाही. इतिहासात ९३ मिळवणारी मुले ठाण्यात शेकड्यांनी निघतील. अर्ज भरताना कला शाखेवर बोट मीच ठेवले, आणि मग पाच मिनिटे बाल्कनीत जाऊन कुंडीतली पिवळी पाने खुडत उभा राहिलो. मेहुण्यांना आम्ही दोन आठवडे कळवले नाही.

२३ जूनला पहाटे साडेपाचला अंतिम लढतीचा सातवा सामना. ओक्लाहोमा सिटी विरुद्ध इंडियाना. प्रवेशाची यादी अजून लागायची होती. या वेळी मीच गजर लावला होता. इंडियानाचा सूत्रधार टायरीज हॅलिबर्टन. २०२० साली १२ व्या नंबरावर त्याला निवडणारा संघ कोणता? सॅक्रामेंटो! फॉक्स असूनही, गरज न पाहता, गुण पाहून घेतलेला. आणि सव्वा वर्षाने, २०२२ च्या फेब्रुवारीत, सबोनिस नावाचा भरभक्कम गडी हवा म्हणून इंडियानाला देऊन टाकलेला. सबोनिसमुळे वनवास २०२३ साली संपला, हेही खरेच. त्यामुळे या व्यवहाराला चूक म्हणावे की नाही, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनने पुढे झेप घ्यायला पाऊल टाकले आणि तो कोसळला. पायाची शीर तुटली होती. जमिनीवर तळहात आपटीत तो ओरडत होता, आणि आवाज बंद असूनही आम्हाला तो ऐकू येत होता. पोराने डोळ्यांवर उशी धरली. सामना पुढे ओक्लाहोमाने जिंकला, प्रेस्टींची बाग फळाला आली. पण आम्ही दोघे काही बोललो नाही.

ही चहा घेऊन आली. पडद्याकडे पाहून म्हणाली, ‘कोण रे हा मुलगा?’

‘आपला होता,’ तो उशीआडून म्हणाला.

‘मग दिला कशाला?’ असे म्हणून तिने कप आमच्यापुढे ठेवले आणि ती डबा करायला आत गेली.